पाढे तोंडपाठ, पण ‘तिप्पट’ म्हटलं की बेरीज. चौथीच्या मुलांत गुणाकाराची समज कशी घडते?

चौथीची बाई, घाटकोपर

नमस्कार. पालिकेच्या मराठी शाळेत चौथीला गणित शिकवते, वर्गाचा पट ३८. बहुतेकांचे १२ पर्यंतचे पाढे पाठ आहेत, सुरात म्हणतात. तरी या चुका सतत दिसतात:

‘सात सक किती?’ असं मधूनच विचारलं की ‘सात एके सात’पासून उतरत यावं लागतं.

लाल रिबीन ४ मीटर, निळी तिच्या तिप्पट, तर निळी किती? उत्तर येतं ७.

३ वडापाव ५४ रुपयांना, तर १२ वडापाव कितीला? उत्तर ६३.

सात दाहे सत्तर, मग सात नवे किती? उत्तर ६९.

१२ × १३ = १०६.

ही मुलं बेरीज-वजाबाकीत कच्ची नाहीत, हातच्याची उदाहरणं नीट सोडवतात. पाढे आणखी घोटून घेतले तर हे सुटेल, की मधली एखादी पायरीच राहून गेली आहे? राहिली असेल तर कोणाची कुठली राहिली ते कसं ओळखायचं? आणि ३५ मिनिटांच्या तासाला ३८ मुलांत जमेल असं काय आहे?

---

गणित प्रशिक्षक, दादर

बाई, घोटून घेतल्याने फार तर पहिली अडचण कमी होईल. ७, ६३ आणि ६९ या तिन्ही उत्तरांचं मूळ एकच आहे. मूल अजून गटाला ‘एक’ म्हणून धरत नाही.

गुणाकारात दोन मोजण्या एकदम चालू असतात: गट किती झाले आणि वस्तू किती झाल्या. पावाची लादी घ्या. तिच्यात ६ पाव आहेत आणि तरीही ती १ लादी आहे, हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात राहावं लागतं. बेरजेत ही कसरत नसते, तिथे सगळं एकाच जातीचं असतं. म्हणून ‘गुणाकार म्हणजे तीच संख्या पुन्हा पुन्हा मिळवणं’ ही सुरुवात म्हणून ठीक आहे. पण वर्षभर तेवढंच सांगत राहिलो तर मुलाच्या हाती लांबलचक बेरीज लागते आणि ‘पट’ ही कल्पना बाहेरच राहते.

कोण कुठे आहे ते पाहायला पेल्यांची चाचणी घ्या. एका मुलाला दोन-तीन मिनिटं पुरतात. ५ कागदी पेले, १५ चिंचोके. मुलाच्या डोळ्यांसमोर चार पेल्यांखाली तीन-तीन चिंचोके झाका. ‘प्रत्येकाखाली तीन आहेत. सगळे मिळून किती?’ उत्तर ऐकण्याआधी ओठ आणि बोटं बघा, खरी माहिती तिथे आहे.

काही मुलं पेला उचलूनच मोजतील. यांना गट अजून मनात धरता येत नाही, पाढ्याची घाई करू नका. काही झाकलेल्या पेल्यावर बोट तीनदा टेकवून मोजतील: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. तिसऱ्या आकड्यावर आवाज चढतो. म्हणजे गट जाणवायला लागलाय, पण मोजणी अजून एकेकाचीच. पुढची मुलं ‘तीन, सहा, नऊ, बारा’ म्हणत प्रत्येक शब्दाला एक बोट उघडतील. हे बारकाईने बघण्यासारखं आहे: तोंड चिंचोके मोजतंय आणि बोट पेले मोजतंय. दोन मोजण्या पहिल्यांदा एकत्र आल्या त्या इथे. त्यापुढचं मूल म्हणेल, ‘दोन पेल्यांत सहा, मग चारांत बारा.’ ते बारा चिंचोक्यांऐवजी गटांनाच हाताळू लागलं आहे.

आता पाचवा पेला ठेवा, त्याखालीही तीन. ‘आता किती?’ जे मूल लगेच पंधरा म्हणतं त्याने १२ ला ‘चार तीन’ म्हणून धरलं आहे. जे पुन्हा तीनपासून सुरू करतं त्याच्यासाठी १२ हा नुसता बारा आहे, त्यातले चार गट विरघळून गेले. तुमच्या वर्गात ‘सात एके सात’पासून उतरणारी बरीच मुलं या दुसऱ्या प्रकारची निघतील असं वाटतं. त्यांचा पाढा एक साखळी आहे, मधली कडी सुटी धरता येत नाही.

३८ जणांची चाचणी एका दिवसात नको. रोज चार जण, बाकीचे लेखी काम करत असताना. दोन आठवड्यांत सगळा वर्ग होतो.

६९ बद्दल: मुलाने ‘एक कमी’ ऐकलं आणि १ वजा केला. कमी झाला तो एक गट, म्हणजे ७. काही जण ६१ म्हणतील, ते ७० मधून ९ काढतात, म्हणजे गटांची संख्या आणि गटातल्या वस्तू यांची अदलाबदल. चूक वेगळी, उपाय एकच. सात-सात ठिपक्यांच्या दहा आडव्या ओळी काढलेला कागद द्या, शेवटची ओळ पट्टीने झाकायला लावा आणि विचारा, ‘किती ओळी झाकल्या? किती ठिपके झाकले?’ हे दोन प्रश्न एकापाठोपाठ, नेहमी जोडीने.

रिबिनीसाठी चौकटीच्या वहीत ४ चौकटींची लाल पट्टी रंगवायची, तिच्याखाली वेगळ्या ओळीत निळी. लालच्या मापाची कागदी पट्टी कापून निळीच्या जागी तीनदा मांडायची. वेगळी ओळ का? एकाच ओळीत काढलं तर मुलं लालच्या पुढे तीन पट्ट्या जोडतात आणि उत्तर १६ येतं. ‘३ मीटरने जास्त’ आणि ‘३ पट’ ही दोन्ही चित्रं एकाच पानावर काढून घ्या. फरक सांगण्यापेक्षा डोळ्यांनी दिसलेला बरा.

---

गणितशिक्षण अभ्यासक, मानखुर्द

वरच्या उत्तराशी सहमत. ६३ रुपयांच्या चुकीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण ती पाचवी-सहावीतही टिकते आणि पुढे गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, सगळं अडवते.

मुलाचा विचार असा: ३ चे १२ झाले, म्हणजे ९ ने वाढले, मग ५४ मध्येही ९ मिळवू. वडे नऊ वाढले म्हणून रुपयेही नऊच वाढवले. विचार सुसंगत आहे, फक्त तो बेरजेचा आहे. त्यामुळे ‘चूक’ म्हणून खोडण्यापेक्षा त्याच विचाराला अडचणीत आणा: ‘मग ६ वडापाव कितीला? ५७? तीन घेतले तर ५४ आणि पुढचे तीन फक्त ३ रुपयांत?’ किंमत मुलांना रोजची ठाऊक असते, त्यामुळे विसंगती त्यांचं त्यांना कळते.

क्लार्क आणि कामी या संशोधकांनी १९९६ मध्ये पहिली ते पाचवीच्या मुलांना विचारलेलं माशांचं कोडं वर्गात सहज करता येतं. ५, १० आणि १५ सेंटिमीटर लांबीचे तीन पुठ्ठ्याचे मासे. मधला छोट्याच्या दुप्पट खातो, मोठा छोट्याच्या तिप्पट. छोट्याला १ दाणा दिला तर बाकीच्यांना किती? १, २, ३ हे बहुतेकांना येतं, पण यावर विसंबू नका, कारण ‘एकेक जास्त’ असा विचार केला तरी हेच उत्तर येतं. खरी परीक्षा उलट प्रश्नात: मधल्याला ४ दिले तर छोट्याला आणि मोठ्याला किती? बेरजेने विचार करणारं मूल ३, ४, ५ मांडतं. पटीने विचार करणारं २, ४, ६. मग मोठ्याला ९ द्या, मग छोट्याला ७. त्या अभ्यासात दिसलं ते असं की हा विचार दुसरीतल्या बऱ्याच मुलांत डोकावू लागतो, पण पाचवीतही साधारण निम्म्या मुलांमध्येच तो पक्का झालेला असतो. तेव्हा तुमचा वर्ग काही वेगळा नाही.

शिकवायला सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे दोन ओळींचा तक्ता. वर वडापाव, खाली रुपये:

वडापाव: ३ | ६ | १२ | १
रुपये: ५४ | १०८ | २१६ | १८

यात जायचे दोन रस्ते आहेत. आडवा: ३ चे १२ झाले म्हणजे ४ पट, म्हणून ५४ चेही ४ पट. उभा: एक वडापाव १८ चा, म्हणून १२ चे १८ × १२. दोन्हीकडून २१६. आपल्याकडे ‘आधी एकाची किंमत काढा’ एवढंच शिकवलं जातं, म्हणजे फक्त उभा रस्ता. लहान मुलांना आडवा जवळचा वाटतो, कारण दुप्पट करत जाणं हातचं असतं. आधी तो चालू द्या. तक्त्यातला प्रत्येक बाण काढायला लावा आणि बाणावर ‘× ४’, ‘÷ ३’ लिहायला लावा. बाणावर ‘+ ९’ लिहिणारं मूल लगेच नजरेत येतं.

आडव्या रस्त्याची ताकद बघायची असेल तर ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या मुलांचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. नारळ ३५ क्रुझेरोंचा, १० नारळांची किंमत विचारली. बारा वर्षांच्या विक्रेत्याने शून्य जोडलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, मग ३१५, वर एक म्हणजे ३५०. गट धरून गणित चाललंय आणि किती गट झाले याचा हिशोबही चुकत नाही. मुंबईतही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संशोधकांनी धारावीतल्या उच्च प्राथमिक वर्गांतल्या मुलांच्या अशा कामातून आलेल्या गणिताचा अभ्यास केला आहे. बाई, तुमच्या वर्गात गाडीवर, दुकानात हात लावणारी मुलं असतील तर तक्ता आधी त्यांना फळ्यावर भरू द्या.

आकडे निवडताना एक पथ्य. सुरुवातीला पूर्ण पट येईल असेच घ्या: ३ चे १२, ५ चे २०. ४ चे ६ असा आकडा आला की पटीने विचार करू लागलेली मुलंही पुन्हा बेरजेवर घसरतात. ‘४ जणांना ६ मुठी पोहे लागतात, तर ६ जणांना किती?’ याला ८ हे उत्तर हमखास येतं, बरोबर उत्तर ९. हे दुसऱ्या सत्रासाठी राखून ठेवा.

उलट बाजूची चूकही सांगून ठेवतो. तक्ता जमला की मुलं तो सगळीकडे लावतात. ‘दोघी शिवाजी पार्कला सारख्याच वेगाने फेऱ्या मारतात. एक आधी निघाली. तिच्या ९ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या ३ झाल्या होत्या. दुसरीच्या १५ होतील तेव्हा पहिलीच्या किती?’ इथे फरक कायम ६ चा, म्हणून २१. पटीने सोडवलं की ४५ येतं. याच धाटणीचं उदाहरण अमेरिकेत शिक्षक होऊ घातलेल्या ३३ जणांना दिलं होतं, त्यातल्या ३२ जणांनी ते प्रमाणाने सोडवलं (१९९३ चा अभ्यास). म्हणून प्रत्येक पाच उदाहरणांत एक बेरजेचं मिसळा आणि सोडवण्याआधी विचारा: ‘एक दुप्पट झालं तर दुसरं दुप्पट होईल का?’

---

प्राथमिक शिक्षिका, विक्रोळी

वर्गात काय करायचं त्याबद्दल.

अंड्यांचा ३० चा पुठ्ठ्याचा ट्रे. अंडीवाले रिकामे ट्रे सहज देतात, दोन मुलांत एक पुरतो. ५ ओळी, प्रत्येकीत ६ खड्डे. आडवा धरला की ‘सहा, पाच वेळा’, फिरवून उभा धरला की ‘पाच, सहा वेळा’. खड्डे तेच. क्रम बदलला तरी गुणाकार तोच, हे नियम म्हणून सांगावं लागत नाही. मात्र ‘४ पुडे, प्रत्येकात ६ बिस्किटं’ आणि ‘६ पुडे, प्रत्येकात ४ बिस्किटं’ यांचं चित्र एकच असं म्हणू नका. एकूण सारखं, गोष्ट वेगळी.

मग सुतळी आडवी टाकून ट्रेचे दोन भाग करायचे: वर २ ओळी, खाली ३. म्हणजे १२ आणि १८. सुतळी सरकवली की ६ आणि २४. ‘पाच सक तीस’ असं फोडता येतं हे हाताला कळलं की मग ७ × ८ अडलं तर मूल ‘५ × ८ आणि २ × ८’ करतं. हे एक साधलं तरी वर्षाचं निम्मं काम झालं.

पण एक समजून घ्या: आडव्या ओळी आणि उभ्या रांगा आपल्याला दिसतात तशा मुलांना आपोआप दिसत नाहीत. तपासायला ३ सेंमी × ७ सेंमीचा आयत द्या, वरच्या आणि डाव्या कडेच्या चौकटी आखलेल्या, आतलं कोरं. ‘आत किती चौकटी मावतील? काढून दाखव.’ काही मुलं आत वेगवेगळ्या मापाच्या, एकमेकींना न जुळणाऱ्या चौकटी काढतात. काही फक्त कडेच्याच मोजतात. काही कोपऱ्यातली चौकट दोनदा धरतात, एकदा ओळीत आणि एकदा रांगेत. अशांना क्षेत्रफळाचं ‘लांबी गुणिले रुंदी’ देऊन काही उपयोग नाही. आधी कागदाखालून एकेक पूर्ण ओळ उघडत जायचं: एक ओळ सात, दोन ओळी चौदा. ‘ओळ’ हे मोजण्याचं माप झालं पाहिजे.

१०६ चं उत्तर याच चित्राने सुटतं. चौकटीच्या वहीत १२ × १३ चा आयत, दोन्ही बाजूंना दहाव्या चौकटीनंतर जाड रेघ. चार तुकडे होतात: १००, ३०, २० आणि ६. मुलाने दहाला दहाने आणि दोनाला तीनाने गुणलं, म्हणजे दोनच तुकडे घेतले. ‘तू घेतलेले तुकडे रंगव’ एवढंच सांगा. कोरे राहिलेले ३० आणि २० त्याचे त्यालाच दिसतात, उत्तर १५६. उभ्या गुणाकाराची रीत याआधी नको.

पाढ्यांचा क्रम मी असा सुचवेन: २, १०, ५. मग ४ हा २ ची दुप्पट, ८ हा ४ ची दुप्पट. ९ हा दहाच्यातून एक गट कमी. ३, मग त्याची दुप्पट ६. सातचा पाढा शेवटी, कारण तोवर त्यातलं ७ × ७ सोडून सगळं दुसऱ्या बाजूने येऊन गेलेलं असतं. सुरात म्हणणं बंद करायची गरज नाही. सूर स्मरणाला मदत करतोच, पण दिवसाआड उलटा आणि मधूनच सुरू करून म्हणायला लावा: ‘सात पंचे पस्तीस, आता एक पायरी वर, आता दोन पायऱ्या खाली.’

तासाची पहिली पाच मिनिटं ठिपक्यांचं चित्र. चार-चारचे सहा गट, वरच्या ओळीत चार गट आणि खालच्या ओळीत दोन. तीन आकडे मोजेपर्यंत दाखवायचं आणि झाकायचं, म्हणजे एकेक मोजायला वेळच मिळत नाही. मग ‘किती?’ आणि लगेच ‘कसं पाहिलंस?’ कोणी १६ आणि ८ म्हणेल, कोणी १२ ची दुप्पट. सगळ्या पद्धती फळ्यावर लिहा, आणि सगळ्यांचं सांगून होईपर्यंत बरोबर-चूक म्हणू नका. ३८ मुलं असली तरी हे चालतं, उलट जितकी मुलं तितक्या रीती.

---

चौथीची बाई, घाटकोपर

सर्वांचे मनापासून आभार. पेल्यांची चाचणी सोमवारपासून सुरू करते. दोन शंका. भागाकार हे सगळं पक्कं झाल्यावर घ्यायचा का? आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे) पुन्हा म्हणून घ्यायला सांगितलं आहे. चौथीला ते उपयोगाचं आहे का?

---

गणित प्रशिक्षक, दादर

भागाकार थांबवू नका, बरोबरीनेच चालवा. ट्रे समोर असताना तीनही प्रश्न एका दमात: पाच ओळी, प्रत्येकीत सहा, एकूण किती? तीस आहेत, ओळी पाच, तर एका ओळीत किती? तीस आहेत, एका ओळीत सहा, तर ओळी किती? दुसरा प्रश्न वाटणीचा, तिसरा गट पाडण्याचा. शाळेत वाटणीचीच उदाहरणं जास्त येतात, म्हणून ‘२४ पाव, एका लादीत ६, तर लाद्या किती?’ अशी गटाची मुद्दाम द्या. लांबलचक भागाकाराच्या रीतीत ‘किती वेळा जातो’ असं आपण विचारतो, तो गटाचाच प्रश्न आहे.

भागून उरणाऱ्या बाकीची गोष्टही आत्ताच घ्या. २६ ÷ ४ हे एकच गणित तीन रूपांत द्या. २६ मुलं, एका टॅक्सीत चौघं, टॅक्सी किती? ७. २६ रुपये, ४ रुपयांची पेन्सिल, किती येतील? ६. २६ लाडू चौघांत सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती? साडेसहा. ‘भागाकार ६, बाकी २’ लिहून थांबणाऱ्या मुलाला विचारा, ‘ती दोन मुलं कुठे गेली?’

---

गणितशिक्षण अभ्यासक, मानखुर्द

पावकी-दीडकीबद्दल. सहकाऱ्यांचं म्हणणं रास्त आहे, पण नुसती म्हणून घेऊ नका, तक्त्यात बसवून घ्या. मुलांची एक पक्की समजूत असते: गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं. संशोधक फिशबाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं की ही समजूत पूर्ण संख्यांच्या वारंवार बेरजेतून तयार होते आणि दशांश अपूर्णांकांपर्यंत मुलांना चकवत राहते. पावकी आणि निमकी ही समजूत वेळेवर हलवतात, कारण तिथे ‘पट’ असूनही संख्या लहान होते. भाजीच्या भावात हे मुलांना माहीतच असतं:

वजन: १ किलो | अर्धा | पाव | पाऊण | दीड | अडीच
रुपये: ६० | ३० | १५ | ४५ | ९० | १५०

पाऊण किलोचे ४५ कसे आले ते विचारा. कोणी ३० आणि १५ मिळवतील, कोणी ६० मधून १५ काढतील. दोन्ही रीती गट फोडण्याच्याच आहेत, जशी ट्रेवरची सुतळी.

चौथीला आधी निमकी आणि दीडकी. ‘दोन दीडे तीन, चार दीडे सहा, सहा दीडे नऊ’ हे तोंडात बसलं की वर राखून ठेवलेलं पोह्यांचं उदाहरण पुन्हा द्या. ४ चे ६ म्हणजे दीडपट, म्हणून ६ मुठींचेही दीडपट, ९. तिथे ८ म्हणणाऱ्यांना सरळ विचारा, ‘८ जण आले तर?’ ८ जण म्हणजे दुप्पट, म्हणजे १२ मुठी. ४ ला ६ आणि ८ ला १२, तर बरोबर मधल्या ६ जणांना किती? बहुतेक मुलं इथे ९ वर येतात. सवायकी, पाऊणकी, अडीचकी पाचवीला.